दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन अध्यापनात सुधारणा : अनुदानाचा प्रस्ताव कसा तयार करावा

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अनुदान मागायचे ठरले की महाविद्यालयाच्या पहिल्याच बैठकीत बहुधा खरेदीची यादी तयार होते. ब्रेल छपाईयंत्र, मोठे पडदे, चार संगणक आणि त्यांच्यासाठी एक स्वतंत्र खोली. यातले काहीच निरुपयोगी नसते. पण वर्गातली टिपणे पूर्वीप्रमाणेच पुसट छायाप्रतींच्या रूपात मिळत राहिली, फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय सुटली नाही आणि परीक्षेतल्या वाढीव वेळेसाठी दर सत्राला नव्याने अर्ज करावा लागला, तर त्या खोलीतील यंत्रांमुळे विद्यार्थ्याचे शिकणे फारसे बदलत नाही. पुढील विवेचन यंत्रखरेदीसाठी नव्हे, तर शिकवण्याची पद्धत बदलण्यासाठी निधी मागू इच्छिणाऱ्यांना उद्देशून आहे.

अशा निधीची कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती करताना दिव्यांग विद्यार्थ्यांना दर्जेदार उच्च शिक्षण मिळावे यासाठी प्रात्यक्षिक प्रकल्पांची, म्हणजे इतरांना नमुना ठरतील अशा प्रकल्पांची, तरतूद केली. त्या अनुदानाचा मुख्य रोख विद्यार्थ्यांवर नव्हता, तर प्राध्यापक आणि प्रशासक यांच्या प्रशिक्षणावर होता. हा रोख लक्षात ठेवला, तर प्रस्तावाच्या प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणे सोपे जाते. जो खर्च, जी कृती किंवा जे मोजमाप अध्यापनातील बदलाशी जोडता येत नाही, त्याची जागा बहुधा दुसऱ्या एखाद्या योजनेत असते.

सूचनेचे वाचन

प्रस्ताव मागवणारी सूचना किमान तीन वेळा वाचावी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या हेतूने. पहिल्या वाचनात संस्था पात्र आहे की नाही एवढेच पाहावे. दुसऱ्या वाचनात गुणांचा तक्ता शोधावा. गरजेला किती गुण आहेत, कृती आराखड्याला किती आणि मूल्यमापनाला किती, हे कळले की पानांची वाटणी आपोआप ठरते. मूल्यमापनाला वीस टक्के गुण असताना त्यावर अर्धे पान लिहिणारे प्रस्ताव पुष्कळ असतात आणि ते तिथेच मागे पडतात. तिसऱ्या वाचनात कोणता खर्च चालतो आणि कोणता चालत नाही, याची नोंद करावी. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे मानधन, प्राध्यापकांच्या कार्यभारातील सूट आणि विद्यार्थ्यांना द्यायचे मानधन या तीन बाबींवर सूचना गप्प असेल, तर निधी देणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याला लेखी विचारावे. प्रश्न विचारल्याने प्रस्ताव कमकुवत ठरत नाही.

गरज सिद्ध करणे

या भागात सर्वाधिक शब्द वाया जातात. अपंगत्वाविषयीची करुणा, समानतेचे महत्त्व आणि शिक्षणाचा हक्क यांवर दोन पाने लिहिली जातात, आणि स्वतःच्या महाविद्यालयात नेमके काय अडते ते शेवटच्या परिच्छेदात उरकले जाते. हक्काचा प्रश्न एका वाक्यात संपतो : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे कलम २४ उच्च शिक्षणात भेदभावाविना प्रवेश आणि वाजवी समायोजन (व्यक्तीच्या गरजेनुसार केलेले योग्य फेरबदल) यांची हमी मागते. छाननी करणाऱ्यांना हे ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ती तुमच्या वर्गांची परिस्थिती.

ती तीन मार्गांनी मांडता येते. पहिला मार्ग आकड्यांचा. नोंदणीकृत दिव्यांग विद्यार्थी किती, त्यांपैकी किती जणांनी मध्येच विषय सोडले, किती जण पहिल्या वर्षानंतर परतले नाहीत, आणि इतरांच्या तुलनेत हे प्रमाण कसे आहे, हे मांडावे. येथे दोन सापळे आहेत. पहिला असा की प्रमाणपत्र दाखवून नोंद करणारे विद्यार्थी हे प्रत्यक्षातील संख्येचा एक भागच असतात. अध्ययन अक्षमता, मानसिक आजार किंवा वाढत जाणारा श्रवणदोष असलेले अनेक जण शिक्का नको म्हणून नोंदच करत नाहीत. निनावी सर्वेक्षण करायचे असेल तर दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाच्या सहा प्रश्नांचा संच उपयोगी पडतो. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे वा एकाग्र होणे, स्वतःची काळजी घेणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते, एवढेच तो विचारतो, त्यामुळे ‘तुम्ही दिव्यांग आहात का’ हा अवघड प्रश्न टळतो. मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता यांची दखल मात्र तो अपुरी घेतो, म्हणून त्यांसाठी एक-दोन प्रश्न स्वतंत्रपणे जोडावेत. दुसरा सापळा लहान संख्येचा. एका विभागात चार दृष्टिहीन विद्यार्थी असतील आणि त्यांतील दोघे अनुत्तीर्ण झाले, तर ‘पन्नास टक्के’ असे लिहिणे दिशाभूल करणारे आहे. शिवाय त्या चौघांची ओळखही उघड होते.

दुसरा मार्ग अध्यापन साहित्याच्या तपासणीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत प्रभावी आहे. सर्वाधिक विद्यार्थीसंख्या असलेले दहा अभ्यासक्रम निवडावेत आणि प्रत्येकातील एका महिन्याचे साहित्य एकाच तक्त्यावर तपासावे. टिपणांच्या पीडीएफमधील मजकूर निवडता येतो की ते पान केवळ छायाचित्र आहे? छायाचित्र असेल तर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, तिथे वाचण्यासारखे काहीच सापडत नाही. मथळे खऱ्या मथळ्यांच्या शैलीत आहेत की केवळ ठळक अक्षरांत? आलेख आणि आकृत्यांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, आहे का? ध्वनिचित्रफितींना उपशीर्षके आहेत का, आणि ती कोणी तपासली आहेत का? अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक पुरेसा आहे का? आंतरजालावरील सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असे गुणोत्तर मागतात, आणि ते मोजणारी साधने मोफत मिळतात. ही तपासणी दोन माणसांचे आठवड्याभराचे काम आहे. ‘तपासलेल्या दहा अभ्यासक्रमांपैकी इतक्यांचे साहित्य स्क्रीन रीडरला वाचता येत नाही’ हे एक वाक्य हक्कांवरील दोन पानांपेक्षा जास्त काम करते. त्याहून मोठा फायदा पुढे मिळतो : हाच तक्ता प्रकल्पाच्या शेवटी पुन्हा भरला की आधी आणि नंतरची तुलना तयार असते.

तिसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या कथनाचा. सहा ते आठ मुलाखती पुरतात, पण प्रश्न अडथळ्याविषयी हवेत, आजाराविषयी नव्हे.

एकच बदल निवडा

गरज मांडून झाली की सर्व काही सुधारण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘तीन वर्षांत पहिल्या वर्षाच्या चोवीस अभ्यासक्रमांची पुनर्रचना’ असे उद्दिष्ट ‘सर्वसमावेशक शैक्षणिक वातावरणाची निर्मिती’ यापेक्षा लहान दिसते, पण ते मोजता येते, त्याचा खर्च काढता येतो आणि ते अपुरे राहिले तर कुठे राहिले हेही सांगता येते. पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम निवडण्याला कारण आहे. तिथे वर्ग मोठे असतात आणि विद्यार्थ्याला आपले हक्क, मदतीच्या जागा व स्वतःच्या गरजा नीट उमगलेल्या नसतात.

बदलाला वैचारिक चौकट हवी असते. बहुतेक प्रस्ताव अध्ययनासाठी सार्वत्रिक रचना ही चौकट घेतात. तिचे मूळ वास्तुरचनेत आहे. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे अमेरिकी वास्तुतज्ज्ञ रॉन मेस यांनी इमारती सुरुवातीपासूनच सर्वांना वापरता येतील अशा बांधाव्यात हा विचार मांडला, आणि १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांच्या गटाने त्याची सात तत्त्वे प्रसिद्ध केली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कास्ट या संस्थेने हाच विचार शिकवण्याकडे वळवला. विद्यार्थ्याला विषयात गुंतवण्याचे, आशय पोहोचवण्याचे आणि शिकलेले दाखवण्याचे एकाहून अधिक मार्ग आधीच ठेवावेत, हा त्याचा गाभा आहे.

प्रस्तावात ही चौकट वापरताना दोन पथ्ये पाळावीत. चौकटीचे नाव म्हणजे आराखडा नव्हे. तिच्या तत्त्वांची यादी उतरवून काढण्याऐवजी सांख्यिकीच्या किंवा इतिहासाच्या एका तासिकेत नेमके काय बदलेल ते लिहावे. आणि सार्वत्रिक रचनेमुळे वैयक्तिक समायोजनाची गरज संपते, असा दावा कधीही करू नये. साहित्य कितीही उत्तम असले तरी सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याला दुभाषी लागतोच. चांगल्या रचनेमुळे अर्जविनंत्यांची संख्या घटते, आणि उरलेल्या विनंत्यांकडे नीट लक्ष देता येते.

प्राध्यापकांबरोबरचे काम

एक दिवसाची कार्यशाळा, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे व्याख्यान आणि प्रमाणपत्रवाटप यांतून जाणीव निर्माण होते, पण टिपणे बदलत नाहीत. प्राध्यापकाला शनिवारी पटलेले सोमवारी करायला वेळ नसतो. म्हणून प्रशिक्षणाचे एकक व्याख्यान नव्हे, तर प्राध्यापकाचा स्वतःचा अभ्यासक्रम असावा.

व्यवहारात त्याची रचना अशी करता येते. दर सत्राला परस्परांशी संबंधित विषयांचे सहा ते आठ प्राध्यापक निवडावेत. प्रत्येकाने पुढील सत्रात शिकवायचा एक अभ्यासक्रम बरोबर आणावा आणि त्या सत्रात त्याच्या कार्यभारात थोडी सूट मिळावी. दर पंधरा दिवसांनी दोन तासांची बैठक व्हावी, आणि मधल्या काळात तज्ज्ञ साहाय्यकाने त्यांच्याच फायलींवर त्यांच्याबरोबर बसावे. सुरुवात साध्या गोष्टींनी करावी : मथळ्यांच्या शैली, पर्यायी मजकूर, केवळ रंगावर विसंबणारे आलेख दुरुस्त करणे. ‘लाल रेषा पाहा’ असे म्हणण्याऐवजी ‘वर जाणारी तुटक रेषा पाहा’ असे म्हणायला खर्च लागत नाही. गणित आणि विज्ञान यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवावा, कारण चित्र म्हणून चिकटवलेले समीकरण स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, आणि ते मॅथएमएल या गणिती मजकुरासाठीच्या संगणकीय भाषेत किंवा समीकरण-संपादकात लिहिण्याची सवय लागायला एक सत्र जाते.

त्यानंतर मूल्यमापनाकडे वळावे, आणि खरा वाद येथेच होतो. सवलत दिली तर दर्जा घसरेल, ही भीती अनेक प्राध्यापकांच्या मनात असते, आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. ‘या परीक्षेत तुम्हाला नेमके काय तपासायचे आहे’ हा प्रश्न विचारावा. रसायनशास्त्राच्या अनुमापनात अंत्यबिंदू ओळखून गणित मांडणे हे उद्दिष्ट असेल, तर रंगबदल डोळ्यांनी पाहणे हा त्याचा एक मार्ग झाला, आणि आकडा बोलून दाखवणारा सामू-मापक (द्रावणाची आम्लता मोजणारे उपकरण) हा दुसरा. वेगाने लिहिणे हे उद्दिष्ट नसेल, तर तीन तासांची मर्यादा कशासाठी आहे, हे विभागाने स्वतःला विचारावे. काही ठिकाणी वेग हेच कौशल्य असते, आणि तिथे तसे स्पष्ट म्हणावे. अशा चर्चेतून दर्जा खाली येत नाही. उलट तो प्रथमच लेखी मांडला जातो.

ध्वनिचित्रफितींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वयंचलित उपशीर्षके आता बऱ्यापैकी चालतात, पण पारिभाषिक शब्द, विशेषनामे आणि दोन भाषांचे मिश्रण यांत ती हमखास चुकतात, म्हणजे विद्यार्थ्याला जे शब्द नव्याने शिकायचे असतात नेमके तेच. प्रत्येक विषयाची शब्दसूची तयार करून ती उपशीर्षके तपासणाऱ्याच्या हाती द्यावी.

माणसे

प्रकल्पाच्या गाभा-गटात ग्रंथपाल, परीक्षा विभागातील अधिकारी आणि संगणक विभागातील व्यक्ती असायलाच हवी. केवळ एका उत्साही प्राध्यापकावर उभा राहिलेला प्रकल्प त्याच्या बदलीबरोबर संपतो. दिव्यांग विद्यार्थी या गटात सल्लागार म्हणून नावापुरते नसावेत, तर साहित्य तपासणारे म्हणून मानधनावर असावेत. त्यांच्याकडून फुकट श्रम घेऊन त्यांच्याच हिताचा प्रकल्प चालवणे अशोभनीय आहे, आणि छाननी करणाऱ्यांच्याही ते लक्षात येते. पाठिंब्याची पत्रे मिळवताना ‘आम्ही या उपक्रमाचे स्वागत करतो’ अशा पत्रांचा उपयोग नसतो. प्राचार्यांच्या पत्रात कार्यभारातील सूट मंजूर असल्याचे आणि संस्था काय देणार आहे याचे स्पष्ट शब्द असावेत.

ग्रंथपालांना आणखी एका कारणाने सुरुवातीपासून बरोबर घ्यावे. २०१३ मध्ये संमत झालेला माराकेश करार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम्य प्रती तयार करण्याची आणि सहभागी देशांमध्ये त्यांची देवाणघेवाण करण्याची वाट मोकळी करतो. आपल्या देशातील कायद्यानुसार महाविद्यालयाला त्याचा कितपत लाभ घेता येतो हे ग्रंथपालांनी तपासले, तर दुसरीकडे आधीच तयार असलेले पुस्तक नव्याने टंकलिखित करण्याचा खर्च वाचतो.

अंदाजपत्रक

अंदाजपत्रक हे प्रस्तावाचे दुसरे कथन असते, आणि अनेक परीक्षक तेच आधी वाचतात. अध्यापन बदलण्याच्या प्रकल्पात सर्वाधिक खर्च माणसांच्या वेळेवर दिसला पाहिजे : तज्ज्ञ साहाय्यक, कार्यभारातील सूट, तपासनीस विद्यार्थी, उपशीर्षकांचे काम. यंत्रांवर निम्म्याहून अधिक रक्कम दिसली की आधीच्या सर्व पानांवरचा विश्वास उडतो. ज्यासाठी मोफत पर्याय आहे ते विकत घेण्यापूर्वी कारण द्यावे. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि प्राध्यापकांना साहित्य तपासून पाहण्यासाठी पुरेसा आहे.

काही खर्च हमखास विसरले जातात. सांकेतिक भाषेचे दुभाषी लांब कार्यक्रमात जोडीने काम करतात आणि साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून दुभाष्याचे काम करतात, त्यामुळे दिवसभराच्या बैठकीसाठी एकाच व्यक्तीचे मानधन धरणे चूक आहे. प्रकल्पाच्या स्वतःच्या बैठका, संकेतस्थळ आणि अहवाल सुगम्य ठेवण्याचा खर्चही धरावा. एका अनुदानित परिषदेत मला मंचावर जायला फक्त पायऱ्या दिसल्या होत्या, आणि विषय सुगम्यतेचाच होता. प्रत्येक रकमेपुढे ती कशी काढली हे एका ओळीत लिहावे : तास किती, व्यक्ती किती, दर कोणता आणि तो दर कुठून घेतला.

मूल्यमापन

मूल्यमापनाची तीन पातळ्यांवर आखणी करावी. काम ठरल्याप्रमाणे झाले का, ही पहिली. प्राध्यापकांचे वर्गातील वर्तन आणि साहित्य बदलले का, ही दुसरी. विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर परिणाम झाला का, ही तिसरी. बहुतेक प्रस्ताव पहिलीवर थांबतात (‘ऐंशी प्राध्यापक उपस्थित होते’) किंवा थेट तिसरीवर उडी मारतात (‘उत्तीर्णांचे प्रमाण तीस टक्क्यांनी वाढेल’). दुसरी पातळी हीच या प्रकल्पाची खरी कसोटी आहे, आणि तिच्यासाठी सुरुवातीचा तपासणी तक्ता हाताशी असतोच. तो सहभागी अभ्यासक्रमांबरोबरच सहभागी नसलेल्या काही अभ्यासक्रमांनाही लावला, तर बदल प्रकल्पामुळे झाला की एरवीही झाला असता, याचा थोडाफार अंदाज येतो. प्रशिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने तो पुन्हा लावावा, कारण सवयी टिकल्या की नाहीत हे तेव्हाच कळते.

तिसऱ्या पातळीवर आश्वासने जपून द्यावीत. दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या कमी असल्याने निकालातील चढउतार योगायोगानेही होतात. म्हणून अनेक सत्रांची माहिती एकत्र करावी, विषय मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण पाहावे, आणि मुलाखतींची जोड द्यावी. कोणत्याही गटात पाचपेक्षा कमी विद्यार्थी असतील, तर तो आकडा प्रसिद्ध करू नये. मूल्यमापन करणारी व्यक्ती प्रकल्पाबाहेरची असावी आणि तिला प्रस्ताव लिहितानाच बोलवावे.

निधी संपल्यावर

‘संस्था हा उपक्रम पुढे चालू ठेवील’ या वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. टिकाऊपणा नियमांत दाखवावा. नव्या अभ्यासक्रमाच्या मंजुरीच्या अर्जात सुगम्यतेचा एक रकाना, संगणक प्रणाली खरेदी करताना सुगम्यतेची अट, नव्या प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गात दोन तास, आणि प्रशिक्षित प्राध्यापकांपैकी काहींना पुढील गटाचे मार्गदर्शक म्हणून अधिकृत जबाबदारी. यांतील कोणता ठराव कोणत्या वर्षी कोणत्या समितीपुढे जाईल, हेही वेळापत्रकात घालावे. तयार झालेले साहित्य इतर महाविद्यालयांना विनामूल्य वापरता येईल असे सांगितले, तर प्रस्तावाचे वजन वाढते.

वेळापत्रक शैक्षणिक वर्षाच्या शेवटापासून मागे मोजत आखावे. साहाय्यकाची नेमणूक व्हायला तीन-चार महिने जातात, त्यामुळे पहिल्या सत्रात प्रशिक्षण सुरू होईल असे लिहिणे धाडसाचे ठरते.

सादरीकरण आणि त्यानंतर

प्रस्ताव पूर्ण झाल्यावर विषयाबाहेरच्या एका सहकाऱ्याला तो वाचायला द्यावा आणि मग न पाहता प्रकल्प दोन वाक्यांत सांगायला लावावे. त्याला जमले नाही तर सारांश पुन्हा लिहावा. अंतिम फाईल स्क्रीन रीडरवर ऐकून पाहावी. मुदतीच्या दोन दिवस आधी ती पाठवावी.

नकार आला तर परीक्षकांचे अभिप्राय मागवावेत आणि प्रत्येक आक्षेपापुढे आपण केलेला बदल लिहून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. मंजुरी मिळाली पण मागितलेल्यापेक्षा कमी रक्कम आली, तर कपात कुठे करायची हे आधीच ठरवून ठेवावे. चोवीस अभ्यासक्रमांऐवजी चौदा घ्यावेत, पण दुभाष्यांचे मानधन, तपासनीस विद्यार्थ्यांचे मानधन आणि एका वर्षानंतरची तपासणी यांना हात लावू नये.